गुलाबी प्लाझ्मा

“तिसऱ्यांदा टोचायलेत. मागचं रक्त काय सांडलं काय ह्यांच्याकडनं?” कांता नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली, पण दतिया गेटजवळच्या त्या लॅबमध्ये खुर्च्या एवढ्या खेटून होत्या की नळ्यांवर नावं चिकटवणाऱ्या लॅबच्या सरलालाही स्वच्छ ऐकू आलं.

नवरा जयसिंग, बबीन्याच्या लष्करी छावणीतून रिटायर झालेला हवालदार, मूळचा साताऱ्याकडचा. छातीत धातूचा व्हॉल्व. असा व्हॉल्व गळू लागला की तांबड्या पेशी त्याच्यावर आपटून फुटतात आणि त्यांचा रंग प्लाझ्मात उतरतो. दोन्ही खेपेला प्लाझ्मा गुलाबी आला होता. मलेरिया, एखादं औषध, चढवलेलं रक्त, ही बाकीची कारणं डॉक्टरांनी केव्हाच खोडली होती. आजही गुलाबी आला, तर लखनौला नेऊन छाती पुन्हा उघडायची.

आणखी एक कारण लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर रक्त काढणाऱ्या गोपाळकाकांना चहा अर्धाच कप मिळायचा, आणि का ते कोणी विचारायचं नाही. कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून काका हल्ली सिरिंजचा दट्ट्या एका हिसक्यात ओढायचे, आणि सुईतूनच नळीत जोरात पिचकारी मारायचे. पेशी बिचाऱ्या तिथेच फाटायच्या. हे काम सरलाला शिकवलं ते काकांनीच, वीस वर्षांपूर्वी. गुरूला शिकवायचं कोणत्या तोंडानं?

आज काकांनी सिरिंज उचलली, तशी ती म्हणाली की आत त्यांचा फोन आलाय. काकांनी दारातून टेबलावरच्या गप्प फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि सिरिंज तिच्या हाती दिली.

तिनं दंडाची पट्टी सैल केली, रक्ताला त्याच्या चालीनं येऊ दिलं, सुई काढून नळीच्या कडेनं हळूच सोडलं. मशीन फिरून थांबलं. वर प्लाझ्मा उभा होता, पातळ केलेल्या तुपाच्या रंगाचा.

व्हॉल्व गळत असता तर आजही गुलाबीच आला असता, असं तिनं कांताला समजावलं. कांतानं पदर तोंडाशी धरला. जयसिंगनं मात्र फौजी सवयीनं विचारलंच, मग आधीचे दोन रिपोर्ट कसे काय?

“त्या... सुयांचं पाकीटच खराब निघालं होतं,” सरला नळीकडे बघत म्हणाली.

“सुया चांगल्या होत्या, हवालदारसाहेब,” मागून गोपाळकाका म्हणाले. “माझा हात कापतो.”