माझ्या पोटातली नोंद

मी एक जुना राउटर आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. इकडचा निरोप तिकडे पोचवायचा, एवढंच माझं काम. एका रुग्णालयाच्या जुन्या आणि नव्या इमारतीला जोडणाऱ्या खोलीत, लोखंडी रॅकमध्ये मी अकरा वर्षं होतो. पुढे हिरवे दिवे, मागे घरघरणारा पंखा आणि पोटात एक वही. माझ्यात कोणी, कधी, काय बदललं, ते त्या वहीत आपोआप लिहिलं जाई. माझी वीज काढली की मात्र वही कोरी.

मला तिथे बसवलं वायरताईने. खांद्यावर कायम केबलचं वेटोळं असायचं, म्हणून सगळे तिला तसंच म्हणत. दर महिन्याला ती ब्रशने माझा पंखा झाडायची.

रक्तपेढीचे तीन सर्व्हर माझ्या भरवशावर होते. दोन जुन्या इमारतीत, एक नव्या. प्रत्येक जण दर सेकंदाला हाक द्यायचा, "मी आहे!" हाक एकाने एकदाच द्यायची आणि गटातल्या सगळ्यांनी ऐकायची, याला मल्टिकास्ट म्हणतात. पण अशी हाक राउटरला ओलांडून आपणहून जात नाही. तिला वाट दे, असं त्याला सांगून ठेवावं लागतं. ताईने मला तसं सांगून ठेवलं होतं, आज्ञेच्या एका ओळीत.

मग विभागाला नवे साहेब आले. एका मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला ते आपल्या टेबलावरच्या संगणकावरूनच माझ्यात शिरले आणि जुन्या ओळींची साफसफाई करू लागले. कोणाला विचारलं नाही की सांगितलं नाही. त्यात ती ओळही उडाली.

हाका माझ्या दारात येऊन मरू लागल्या. नव्या इमारतीतल्या सर्व्हरला वाटलं, बाकीचे दोघे गेले. त्याने कारभार हातात घेतला. तिकडे जुने दोघेही आपला कारभार चालवतच होते. दोन्हीकडून रक्ताच्या वेगवेगळ्या नमुन्यांना तेच ते क्रमांक मिळू लागले. एका आजोबांना भलत्याच गटाचं रक्त चढणार होतं. पिशवी टांगता टांगता सिस्टरने आजोबांच्या मनगटावरची नाव-रक्तगटाची पट्टी पुन्हा वाचली आणि तिचा हात थांबला. म्हणून आजोबा वाचले.

तासाभरात सगळे माझ्यासमोर जमले. रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरबाई संतापल्या होत्या. दोन सर्व्हर चालू ठेवले, पण त्यांचा कारभार काढून घेऊन काम एकावरच आणलं होतं.

"हा डबा म्हातारा झालाय," साहेब म्हणाले. "वायरताईंच्या हट्टापायी ठेवलाय. परवा तीन वाजता नवा लावतो."

"साहेब, मला एकदा तपासू तरी द्या," ताई म्हणाली.

"तुम्ही हात लावायचा नाही. चौकशी होईपर्यंत घरी बसा."

ताई खाली मान घालून निघून गेली. अकरा वर्षांत मी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मी डूख धरला.

संध्याकाळी साहेब एकटेच आले. त्यांनी माझी वही उघडली, वाचली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ओळ परत घालावी, तर त्यांच्या नावानिशी नोंद होणार. वही पुसावी, तर पुसल्याचीही नोंद राहणार. परवा नवा राउटर आला की मलाच उपटून टाकायचं, काम फत्ते! मी मनात म्हटलं, साहेब, तेवढ्यात कोणीतरी येऊ दे, मग बघा.

गुरुवारी ते अडीचलाच आले. त्यांचा हात माझ्या प्लगवर होता, तोच दार उघडलं. डॉक्टरबाई ताईला घेऊन आल्या होत्या.

"हात काढा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माझ्या रुग्णाच्या जिवावर बेतलं होतं. आधी ही तपासेल."

ताईने जुन्या इमारतीतल्या एका सर्व्हरवरून नव्या इमारतीतल्याला थेट निरोप धाडला. तो पोचला. "रस्ता शाबूत आहे," ती म्हणाली. मग तिने गटाला हाक दिली. जुन्या इमारतीत ऐकू आली, नव्या इमारतीत नाही. तिने माझ्याकडचे आकडे काढले. दोन दिवसांत लाखो हाका आत आल्या होत्या, पलीकडे एकही गेली नव्हती.

आणि तिने वही उघडली. मित्रांनो, दोन दिवस मी याचीच वाट पाहत होतो! तिने मोठ्याने वाचलं: मंगळवार, अकरा चाळीस. साहेबांचं खातं. ओळ काढली.

"मला वाटलं, ती बिनकामाची आहे," साहेब पुटपुटले.

"असेल. पण मंगळवारी हिला घरी बसवताना ते का नाही बोललात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

साहेबांना घाम फुटला आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पुढे चौकशी झाली, पण साहेबांची. त्यांची खुर्ची गेली आणि ताई परत कामावर आली.

त्या दुपारी ओळ परत घालताना ताई मात्र म्हणाली, "थोडी चूक माझीही. ही कशासाठी आहे, ते मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं." मला ते मुळीच रुचलं नाही. सगळा दोष मला साहेबांच्याच माथी हवा होता.

पुढच्या महिन्यात ताईनेच मला उतरवलं. वय झालंच होतं. माझी प्रत्येक ओळ तिने नव्या राउटरमध्ये उतरवली आणि प्रत्येकीपुढे तिचं कारण लिहिलं. आता मी कपाटात असतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू खुशाल बदला. पण न कळलेली गोष्ट पुसण्याआधी कोणाला तरी विचारा, आणि आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. जाताना साहेबांनी ताईची माफी मागितली. तिने त्यांना माफ केलंही. मी केलेलं नाही. माझी माफी त्यांनी मागितलीच कुठे?