रंग उडालेली फिंच

भालचंद्र नोएडातल्या बाल्कनीत घरट्याच्या डब्यात डोकावले आणि सरळ झाले. पिल्लांना पिसं फुटली होती. सगळी राखाडी, सरकारी कॉरिडॉरसारखी.

"राखाडीच ना?" आतून त्यांच्या बायकोने, प्रभाने विचारलं.

"राखाडी."

"हो ना, दिल्लीत तेवढ्याचीच कमी होती!"

प्रभाच्या डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता. आहे ते टिकवा, गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. नोव्हेंबरातल्या धुरकट आभाळापुढे चिमणीहून लहान अशा या पाळीव, राखाडी झेब्रा फिंच तिला दिसतच नसत. दिसायची ती एकच, बिस्किटी रंगाची मादी. ती मेली. तिचा रंग तिच्याच वंशातून परत आणायचा, आणि प्रभाला दिसतंय तोवर आणायचा, एवढंच काम भालचंद्रांना निवृत्तीनंतर उरलं होतं. त्यातही त्यांनी माती खाल्ली होती.

त्या मादीची पिल्लं राखाडी निघाली. लेकी आईच्या वळणावर जातात म्हणून भालचंद्रांनी लेकी ठेवल्या, आणि मुलगे पानिपतच्या व्याह्यांना भेट देऊन टाकले. पण हा रंग उलट्या चालीचा. आईकडून तो मुलग्यात जातो, त्याच्या राखाडी पिसांखाली गप्प बसतो आणि पुढे त्याच्या एखाद्या लेकीत उगवतो. मादीकडे असला तर अंगावर दिसतोच, दिसला नाही तर समजावं की नाहीच. हे कुठेसं वाचून कळेपर्यंत पिंजऱ्यात लेकी, नाती, पणत्या झाल्या होत्या, सगळ्या राखाडी.

"मग जा पानिपतला," प्रभा म्हणाली. "मराठी माणसाने तिकडून एकदा तरी काहीतरी परत आणावं."

"व्याह्यांना दिलेली भेट परत मागू?"

"मागा. फक्त माझ्या डोळ्यांचं बोलू नका. गुणवंतराव रेवतीला सांगतील, आणि आपली पोरगी बंगळुरूची नोकरी सोडून इथे येऊन बसेल."

पानिपतला गुणवंतरावांनी आधी चहा दिला, मग जेवण, मग पुन्हा चहा, आणि मग सांगितलं की दोन्ही नर गेले.

"पण तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवीन का, भालचंद्रराव? ही पांढरी जोडी न्या. बिल्कुल दुधासारखी!"

भालचंद्रांचं लक्ष जोडीकडे नव्हतं. मागे, कपडे वाळत होते तिथे, एका पिंजऱ्यात एक मादी बसली होती.

"ती नका हो बघू," गुणवंतराव ओशाळले. "तुमच्याच नराची पोर. पण गच्चीवर ऊन लागून रंग उडाला बिचारीचा. किती टॉनिक पाजलं!"

भालचंद्रांनी तिला अलगद मुठीत धरलं आणि छातीवर फुंकर मारली. पिसं दुभंगली. मुळाशी फुटणारी कोवळी पिसंसुद्धा बिस्किटीच होती. उन्हाने रंग उडाला असता, तर नवं पीस राखाडी आलं असतं.

"ही द्या मला."

"ही? व्याह्यांना रंग उडालेली मादी देऊ? सूनबाई काय म्हणेल मला?"

"रंग उडालेला नाही हो. जन्माचाच आहे."

"अहो, मनाचा मोठेपणा आहे तुमचा! पण नाही. ती पांढरीच न्या."

असं अर्धा तास चाललं. एक व्याही मागे हटेना, दुसऱ्याला पुढे सरकता येईना. शेवटी भालचंद्र थकले. लपवायलाही माणसाला ताकद लागते.

"गुणवंतराव, प्रभाची नजर जातेय. हा एक रंग तिला दिसतो."

गुणवंतराव कपाची कड बोटाने पुसत राहिले. "रेवतीला माहीत आहे?"

"नाही."

"मग मलाही नाही," ते म्हणाले आणि एक छोटा पिंजरा घेऊन आले. बिस्किटी मादी आत गेली. तिच्यामागोमाग पांढरी जोडीही त्यांनी आत सरकवली. "एकटीला कशी पाठवू? अच्छा नाही दिसत ते."

महामार्गावर ट्रकांच्या रांगेत टॅक्सी रांगत होती. भालचंद्र पिंजरा मांडीवर घेऊन पेंगले, तारेवर कपाळ आपटून जागे झाले, पुन्हा पेंगले.

घरी त्यांनी पिंजरा बाल्कनीत तिच्या खुर्चीसमोर टांगला. प्रभा पुढे वाकली.

"अगंबाई! पांढरी? दोन आहेत ना? किती छान दिसतायत! आधीच का नाही आणलीत?"

भालचंद्रांनी पिंजरा थोडा उजेडाकडे फिरवला.

"आणि बिस्किटी? मिळाली का?"

"आहे की. वरच्या दांडीवर बसलीय."

प्रभा बराच वेळ बघत राहिली. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, चष्मा काढून पुन्हा लावला.

"दांडी दिसतेय," ती म्हणाली.

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. पांढऱ्या दोघांनी भांड्यातले राळ्याचे दाणे उधळले.

"अहो," प्रभा मागे टेकून म्हणाली, "रेवतीला फोन लावा. मी बोलते."