घंटेची पोच

मी इतिहासाची बी.ए. हट्टाने ऑनलाइन एम.एस.ला बसलेय, विषय माहिती प्रणाली. ओळखीच्या एखाद्या प्रणालीची चौकटी-बाणांची आकृती काढायची होती, म्हणून मी आमच्या चर्चच्या मयताच्या घंटेची काढली.

"ज्युली, खबर मिळाल्याची पोच कुठेय?" सरांनी स्क्रीनवरून विचारलं.

आता घंटेला पोच कोण देतं? डोक्याचा पार भुगा झाला.

तेवढ्यात खरीच घंटा वाजली. सासूबाईंनी गॅस बंद केला. "चल गं, फर्डिनंडकाका गेले वाटतं."

काकांच्या अंगणात अख्खं गाव जमलं होतं. सासूबाईंनी सगळीकडे नजर फिरवली आणि त्या हळूच म्हणाल्या, "आपल्या शेजारचा मर्विन नाही आला? बरा आहे ना तो? जरा बघून ये."

मी निघाले. कोण आलं, कोण नाही, हीच घंटेची पोच; ती सरांना कुठल्या चौकटीत दाखवू?