हिंमतरावांच्या घरगाडीचा ब्रेक

ही गोष्ट मी मेहकरच्या स्टँडवर सांगितली तर लोक आपली बस सोडून दुसऱ्या बसमध्ये जाऊन बसतात. हिवरा आश्रमात सांगितली तर भरल्या ताटावरून उठतात. विश्वास कोणीच ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका. पण मालकीणबाई केसरबाई इथंच ओसरीवर शेंगा फोडत बसल्यात, त्या साक्षीला आहेत, एवढं ध्यानात असू द्या.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं. केसरबाईंचे मालक हिंमतराव यांनी लिलावातली जुनी बस आणली आणि तिचं घर केलं. आत पलंग, स्टोव्ह, पाण्याचा माठ, वर झोपाळासुद्धा. बायकोला घेऊन मुलूख हिंडायचा, ही त्यांची जन्माची हौस. पण पहिला मुक्काम शेगाव, तिथल्या बोळांत बस शिरणार कशी? म्हणून मागं जीप बांधून न्यायचं ठरलं. त्यांचा गडी निवृत्ती, म्हणजे मी, ड्रायव्हर झालो.

केसरबाईंनी एकच अट घातली. शेगावच्या वाटेवर बोथ्याचा घाट उतरताना त्या हातात भरला कप धरून बसणार. "चहाचा थेंब सांडला तं मी तिथंच उतरीन अन् एस्टीनं वापस. मंग तुमचा मुलूख तुम्हीच पाहा."

हिंमतरावांचं तोंड उतरलं. दोरखंड खांद्यावर टाकून ते हबीब मिस्त्रीकडं गेले.

"मालक, दोर चढावर ठीक," हबीब म्हणाला. "उतारावर जीप काय दोरीचं ऐकन? सीधी बसच्या ढुंगणावर येऊन बसन."

"मंग साखळी?"

"साखळी म्हंजे आवाज करणारा दोर!"

शेवटी हबीबनं लोखंडी दांडा घडवला. त्याचे दोन पाय जीपच्या तोंडाशी पक्के, टोक बसच्या मागच्या कडीत, त्यात जाड खीळ. आता जीप धडकणार नव्हती. पण रेटणार तर होतीच. तिचं सगळं वजन आमच्या पाठीवर. म्हणून जीपलाही ब्रेक पाहिजे. हबीबनं बसच्या ब्रेकपासून जीपच्या ब्रेकपर्यंत तार ओढली. मी पाय दाबला की दोन्ही गाड्या एकदम थांबायच्या.

"तार तुटली तं?" मी विचारलं.

"तं अल्ला मालिक."

"अन् चहा?" हिंमतराव रडकुंडीला आले.

मी म्हटलं, भरली बैलबंडी घाट उतरते तेव्हा आपण मागून एक बैलजोडी बांधतो ना, उलटी ओढायला? तसंच करू.

"मोटारीले बैल? काऊन बे, पेट्रोलात सरकीची ढेप टाकून राह्यला काय?" हबीब हसून हसून खाली बसला.

निघालो ते पोळ्याच्या दिवशी. त्या दिवशी बैलाच्या खांद्याला जू लागत नाही, म्हणजे रस्त्यावर एकही बंडी आडवी येणार नाही, असा हिंमतरावांचा विचार.

घाटाच्या पहिल्याच वळणावर तार तुटली. जीप मागून ढोसू लागली. कपातला चहा काठाशी आला. हिंमतराव रस्त्याकडं नाही, चहाकडंच बघत होते. मी बस अशी हळूच डोंगराला टेकवली, जसं झोपलेलं पोर पाळण्यात ठेवावं. तेवढ्यात वाटेवर भेटला ओळखीचा शेतकरी कचरू. सोबत त्याची बैलजोडी, शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल. बांधली जीपच्या मागं!

मग काय सांगू! बैलांनी असे खूर रोवले की डांबरात नांगरल्यासारखे तास पडले. कचरूनं मागोमाग त्यात ज्वारी पेरली. एका वळणावर तर बैलांनी जीप, बस, झोपाळा, सगळं परत वर ओढायला घेतलं. उतारावर मला ॲक्सिलरेटर दाबून खाली यावं लागलं, बोला! पायथ्याशी पाहिलं तर चहावर साय धरली होती, थेंब सांडला नव्हता. हिंमतरावांनी तो आनंदानं स्वतःच पिऊन टाकला आणि ते ओरडले, "चाल निवृत्ती, आता शेगाव!"

केसरबाईंचा शेंगा फोडणारा हात थांबला.

"निवृत्ती, दांडा खरा, तार खरी. पण पोळ्याच्या दिवशी कचरूनं बैल कामाले देल्ले? अन् मी घाटात कप धरून बसली होती, तं घरी आपल्या बैलायले त्या दिवशी ओवाळलं कोणं रे, तुह्या मिशीनं?"