सगुणाची तिवरं

"रुजू दे गो बाय, चिखल धरतो, तो टाकत नाय."

वर्षालीच्या आईचा, सगुणाचा, हा आवाज. कोपरीच्या बायका जमवून, पदर खोचून, गाणी म्हणत तिने खाडीच्या उघड्या चिखलात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, लावलेली. तिवरं माणसाएवढी उंच झाली, आणि सगुणाला तापाने नेलं.

वर्षाली आता माजिवड्याच्या ऑफिसात उपग्रहाच्या रडारवरून लागवडीतल्या पानांचा अंदाज काढते. रडारला ढग आडवे येत नाहीत. लहर खाली येते, पानापानांत घुटमळते, माघारी जाते. जितकी उजळ, तितकी पालवी दाट. आईची तिवरं तिच्या कामात नव्हती. तरी नवं चित्र आलं की ती आधी तोच तुकडा उघडायची. उजळ. मागच्याहून उजळ. घरी येऊन बापाला सांगायची, आयची तिवरं भरलीत. दामाजी जाळं विणता विणता नुसता "बरं" म्हणायचा. तिला वाटायचं, किती कोरडा हा माणूस.

यंदा खाडीतल्या लागवडी जागेवर जाऊन पडताळायच्या होत्या. सोबतचा प्रणित होडीत चिडवत होता, तुझ्या आईने खत कुठलं घातलेलं, आम्हालाही सांग. वाटेत सगुणाच्या तिवरांचं वळण आलं आणि त्याने समोर बोट दाखवलं.

खोडं उभी होती. पान एकही नव्हतं.

पलीकडे कुणी भराव घातलेला. आत शिरलेलं भरतीचं पाणी कोंडून राहिलं, मुळं गुदमरली. त्या साचल्या पाण्यावर आपटून लहर खोडावर जाई, खोडावरून आभाळात. म्हणून उजळ. इतके दिवस वर्षाली पाण्यालाच पानं समजत होती. तिने एका खोडाला हात लावला, तर साल हातात आली.

वाटभर एकच घोर: बाबाला कसं सांगू? आयचं एवढंच तर उरलेलं त्याला.

घरी दामाजीने बोंबील भाजलेले. तो वाढायला बसला. "बाबा, तिवरं..." एवढंच तिच्याने बोलवलं.

दामाजीने ताटली खाली ठेवली.

"मना ठावं हाय गो. तुजी आय गेली, त्याच साली सुकली. मी होडी घेऊन गेलेलो, बघून आलो." त्याने ताटली तिच्याकडे सरकवली. "तू दर खेपेला येऊन सांगायचीस, आय हिरवी हाय. मी तुला कसा सांगू, पोरी?"