लाकडांच्या खोलीतल्या भिंगऱ्या

खरं तर जायचं होतं तिच्या नवऱ्याला. दरवर्षी थंडी सुरू व्हायच्या सुमाराला तो आणि त्याची मोठी बहीण डोंगरातल्या खिंडीवर जायचे, दूरदेशी निघालेले पक्षी बघायला. यंदा निघायच्या तोंडावर कपाटावरची बॅग काढताना त्याच्या कमरेत उसण भरली आणि तो जो आडवा झाला तो उठेचना. खोली ठरलेली, तिकिटं काढलेली. वन्संनी फोनवर एका वाक्यात निकाल लावला, "तो नाही तर तू चल. कॅमेरा तरी धरता येतो तुला."

कॅमेरा धरता येतो म्हणजे काय! बाजाराच्या कोपऱ्यावरचा फोटो स्टुडिओ ती एकटीच्या जिवावर चालवत होती. गावातली निम्मी माणसं कधी ना कधी पासपोर्टसाठी, नाहीतर कुठल्याशा ओळखपत्रासाठी तिच्या स्टुलावर बसून गेली होती. गाव तिला फोटोवालीच म्हणायचं. पण वन्संचं बोलणं असंच. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला. शाळा सुटली तरी वर्ग काही सुटला नव्हता. फोटोवालीने नवऱ्याच्या उशाशी औषधं मांडून ठेवली आणि बॅग भरली.

खिंड म्हणजे दोन उघड्या डोंगरांमधली एक खोलगट वाट. तिच्या अलीकडे दगडी विश्रामगृह. खाली जेवणाचा हॉल, वर खोल्या, मागच्या बाजूला शेगडीसाठी लाकडं रचलेली एक अंधारी खोली. पक्षी उत्तरेकडून येत. डोंगरापाशी पोचले की उन्हाच्या वाफेवर गोल गोल वर चढत आणि मग पंखही न हलवता खिंडीवरून पलीकडे घसरत जात. त्यांची वाट पाहत विश्रामगृहात उतरलेली सगळी मंडळी सकाळपासून कठड्याशी बसलेली असे. त्यात एक निवृत्त न्यायाधीश होते. कुणी चहाचा कप जरी जोरात ठेवला तरी ते ओठांवर बोट ठेवून "शूऽऽ" करत. त्यामुळे त्यांच्यामागे सगळे त्यांना शूसाहेबच म्हणत. त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स तोफेएवढी होती.

फोटोवालीची लेन्स होती स्टुडिओतली, चेहरे टिपायची. पहिल्या दिवशी तिने जीव खाऊन फोटो काढले. संध्याकाळी वन्संनी चष्मा वर सरकवून ते पाहिले.

"हा गरुड आहे, की काचेवर धूळ बसलीय?"

"वन्सं, तो फार लांब होता हो."

"गरुड लांबच असतो. जवळ येऊन स्टुलावर बसणार आहे का?"

शूसाहेबांसकट सगळे हसले. फोटोवालीही हसली, पण तिला ते लागलंच. दुसऱ्या दिवशी तिने कॅमेरा पिशवीतच ठेवला. दुर्बीण डोळ्यांना लावून बसली, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. वर निळ्या आभाळात ससाण्यांची रांगच्या रांग सरकत होती. ना कुणाला हाक मारायची, ना कुणाचा केस सारखा करायचा. वन्सं शेजारून हळू आवाजात नावं सांगत होत्या आणि शिकवताना त्यांचा आवाज घरातल्यापेक्षा कितीतरी मऊ होता, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

तिसऱ्या दिवशी हवेने रंग बदलला. सकाळीच ढग खिंडीत उतरले, मग पाऊस, आणि दुपारपर्यंत पावसात बर्फाचा चुरा. हाताची बोटं वाकेनात. मंडळी हॉलमध्ये शेगडीभोवती पत्ते घेऊन बसली. शेगडी विझत आली तेव्हा विश्रामगृहाची मालकीण स्वयंपाकात अडकलेली, म्हणून फोटोवाली म्हणाली, "थांबा, मी आणते लाकडं."

मागच्या खोलीचं दार वाऱ्याने सताड उघडं पडलेलं. ती आत वाकली, एका ओंडक्याला हात घातला, आणि हात तिथेच थांबला. लाकडांच्या उतरंडीवर, आडव्या तुळईवर, भिंतीतल्या खुंट्यांवर, जिथे बोटभर जागा होती तिथे भिंगऱ्या बसल्या होत्या. एकमेकींना खेटून, पिसं फुगवून, थरावर थर. किती होत्या देव जाणे. एकही उडाली नाही. नुसते डोळे तिच्याकडे वळले. एक खाली जमिनीवर पडली होती, पंख अर्धवट उघडे टाकून.

ती चवड्यांवर मागे आली आणि हॉलच्या दारातून फक्त खूण केली. वन्सं पत्ते टाकून आल्या. दाराशी उभ्या राहून त्यांनी एकेका थरावरून नजर फिरवली.

"अगं, यांना हवेतले किडे लागतात," त्या कुजबुजल्या. "असल्या हवेत किडा कुठला? पोटात काही नाही, वरून ही थंडी. ऊब धरायला शिरल्यात बिचाऱ्या. आता उडवल्या तर बाहेर मरतील."

त्यांनी खाली वाकून ती पडलेली भिंगरी ओंजळीत उचलली. मुठीत आहे की नाही कळू नये एवढासा जीव. त्यांनी तिला अलगद रांगेच्या टोकाला टेकवलं. शेजारची जराशी सरकली आणि तिने हिला पोटाशी घेतलं, गाडीत बाकावर जागा करून द्यावी तसं.

आता प्रश्न लाकडांचा. ती सगळी त्याच खोलीत. मालकीण पदराला हात पुसत आली आणि बघून हळहळली, पण तिचीही पंचाईत होती.

"ताई, जीव माझाही तुटतो. पण शेगडी विझली तर हॉल बर्फ होईल. ही एवढी माणसं कुडकुडायला लागली की बोलणी कुणाला बसणार? मलाच ना?"

वन्सं सरळ हॉलच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. "मागे भिंगऱ्या आसऱ्याला आल्यात," त्या म्हणाल्या. "लाकूड काढलं तर बुजतील. शेगडी विझू द्यायची का, बोला."

शूसाहेब उठले. "माझ्या बॅगेत जास्तीची लोकरी चादर आहे," ते म्हणाले. "जिला किंवा ज्याला सगळ्यात जास्त थंडी वाजेल, तिने किंवा त्याने ती घ्यावी. लाकडं आत राहतील. निकाल लागला."

मग काय, ज्याच्याकडे जे होतं ते अंगावर चढलं. कुणी दोन-दोन टोप्या घातल्या, कुणी मोजे हातात चढवले. गॅसवर पुन्हा पुन्हा चहा झाला. शेगडीत राख झाली तरी कुरकुर म्हणून कुणी केली नाही. उलट तोवर एकमेकांना नीट ओळखतही नसलेली माणसं एका गोधडीत पाय घालून गप्पा मारू लागली, तीही दबक्या आवाजात.

इकडे वन्संनी फोटोवालीला कोपराने ढोसलं. "कॅमेरा कुठाय तुझा?"

"फ्लॅश चालणार नाही ना?"

"अजिबात नाही."

नकोच होता. खोलीला उंचावर एक लहान खिडकी होती आणि तिच्यातून ढगांत गाळलेला उजेड भिंगऱ्यांवर कडेने पडत होता. असा मऊ उजेड तिला स्टुडिओत इतके दिवे लावून कधी साधला नव्हता. ती दारातच मांडी घालून बसली. काच फिरवली, आणि तिला चेहरे दिसले. तांबूस कपाळ, विटकरी गळा, निळसर काळी पाठ. पण एक दुसरीसारखी नाही. एकीची भिवई रागीट, एक चक्क पेंगत होती, एकीच्या चोचीच्या कोपऱ्यात पिवळी कड.

"ती पिवळ्या कडेची यंदाच जन्मलेली," वन्सं कानाशी म्हणाल्या. "पहिलाच प्रवास तिचा."

फोटोवाली एकेकीसमोर थांबून फोटो काढत राहिली. सवय ती सवय, तोंडातून आपोआप निघत होतं, "हनुवटी जरा वर... हं... शाब्बास, हलायचं नाही." वन्संनी तोंडावर पदर दाबला, पण हसू काही आवरेना. खांदे गदगदा हलू लागले. त्यांना बघून हिचाही बांध फुटला. दोघी नणंदा-भावजया दाराच्या चौकटीत, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिल्या.

"माझा भाऊ असता ना," वन्सं डोळे पुसत म्हणाल्या, "तर एव्हाना चार शिंका देऊन सगळ्यांना उडवून बसला असता. तू आलीस ते बरं झालं गं."

इतक्या वर्षांत वन्सं तिला असं काही बोलल्या नव्हत्या. तिने कॅमेरा वळवला आणि त्यांचाच एक फोटो काढला.

सकाळी लख्ख उजाडलं. दोन भिंगऱ्यांना थंडी सोसली नव्हती; वन्संनी त्या उचलून कठड्याखालच्या मातीत पुरल्या आणि वर एक सपाट दगड ठेवला. बाकीच्या एकेक करून बाहेर आल्या, विजेच्या तारेवर उन्हात बसल्या. पिसं साफ केली, पंख ताणले. उन्हाने गवतावर किडे उठू लागले तशा त्या खाली झेपावून पोट भरू लागल्या. सगळी मंडळी चादरी गुंडाळून बघत होती. आणि मग, कुणी हाक दिल्यासारख्या, साऱ्या एकदम उठल्या आणि खिंडीकडे वळल्या.

"गेल्या! अहो, गेल्या!" कुणीतरी टाळ्या वाजवत ओरडलं. बघतात तो शूसाहेब.

शेगडी धडधडून पेटली. मालकिणीने सगळ्यांना गरम गरम अंडी आणि पाव दिला आणि शूसाहेबांनी कुणाच्याही कपाच्या आवाजाला हरकत घेतली नाही. खाऊन झाल्यावर ते फोटोवालीच्या शेजारी येऊन बसले, फोटो बघायला. एकेका चेहऱ्यापाशी थांबत होते.

"ही तर अगदी आमच्या हिच्यासारखी बघते," ते म्हणाले आणि तो फोटो मागून घेतला.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. कमरेतली उसण उतरली होती, आणि आपलं काय काय हुकलं याची त्याला चुटपुट लागली होती.

"काय दिसलं मग?"

"भिंगऱ्या."

"भिंगऱ्या? एवढ्या लांब जाऊन? अगं, त्या तर आपल्या गल्लीत तारेवर बसतात!"

"बसतात ना," ती म्हणाली. "आल्यावर दाखवते."

वन्संनी तिच्या हातातून फोन घेतला. "हे बघ, ही आणि मी अजून दोन दिवस राहणार आहोत. स्टुडिओच्या दारावर पाटी लाव. आणि पुढच्या वर्षी तिघांची खोली घेऊ. शिंका देणार नसशील तर ये."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि कठड्याकडे निघाल्या. फोटोवाली दोन कप चहा घेऊन त्यांच्यामागून गेली. खिंडीवर ऊन पडलं होतं आणि उत्तरेकडून काही ठिपके वर चढत येत होते.