दहावीचा विज्ञानाचा तास

दुर्गेश्वरी बिसेन सालेकशाजवळच्या शाळेत उपमुख्याध्यापिका झाल्या आणि हळूहळू त्यांचा वर्ग सुटत गेला. वेळापत्रकात दहावीचं विज्ञान त्यांच्याच नावावर होतं, पण तासाची घंटा झाली की काहीतरी आडवं यायचंच. कधी पोषण आहाराचा तांदूळ, कधी तावातावानं आलेला एखादा बाप, कधी पंचायत समितीचा फोन. मुख्याध्यापक हिरालाल कटरे भला माणूस, पण त्यांचं एकच पालुपद, "मॅडम, तेवढं तुम्हीच बघून घ्या." शेवटी मुलांचं नुकसान नको म्हणून बाईंनी आपणहून विषय सोडला. गोंदियाहून टीना नावाची नवी मुलगी तासिका तत्त्वावर शिकवायला आली.

तेव्हापासून दहावीच्या खिडकीवरून जाताना बाईंचे पाय मंदावत. संध्याकाळी हात धुताना बोटांना खडूची भुकटी नसली की दिवस वाया गेल्यासारखा वाटे.

टीनाच्या वर्गात मात्र नुसता गोंधळ. पंधरवड्यातच ती रडत बाईंकडे आली. "मॅडम, मुझसे नहीं होगा. पोरं ऐकतच नाहीत. मी सोडते."

कटरे सर म्हणाले, "तुम्ही जाऊन एकदा झापा त्यांना."

बाई दारात दिसताच वर्ग चिडीचूप झाला. पहिल्या बाकावरची रिंकू उठली. "मॅडम, आता तुमीच शिकवा ना! तुमी काऊन सोडलं आमाले?"

टीना फळ्याशी उभी होती. तिनं काढलेली आकृती अर्धवट होती, पाण्यातून निघालेला किरण भलत्याच बाजूला वळलेला. खडू हाताशीच होता. तो उचलला असता तर तास बाईंचा झाला असता, आणि टीना त्या वर्गासमोर पुन्हा उभी राहू शकली नसती. हे कळूनही हात आवरायला त्यांना वेळ लागला.

"मी शिकायले आली," त्या म्हणाल्या आणि मागच्या बाकावरच्या मोनूला सरकवून बसल्या. "टीना मॅडम, किरण पाण्यातून हवेत येतो तेव्हा कुठं वळतो? माझा गोंधळ होऊन राहिला."

टीनानं फळ्याकडे पाहिलं. चूक तिच्या ध्यानात आली. तिनं रेघ पुसली, पुन्हा काढली. सुरुवातीला थरथरणारा आवाज आकृती पूर्ण होईतो सावरला.

पुढे कितीतरी दिवस बाई कामातून जमेल तेवढा वेळ तशाच मागे बसल्या. तासानंतर दोघी चहा घेत बोलत, आधी प्रश्न कुणाला विचारायचा, गप्प कधी राहायचं. मग एकदा टीनाच म्हणाली, "मॅडम, उद्या नाही आलात तरी चालेल."

बाई हसल्या. घरी जाताना रेल्वे फाटक उघडलं, मागच्यांनी हॉर्न वाजवले, तरी त्यांना स्कूटी सुरू करायचं सुचलं नाही.

तुळशीचं लग्न आटोपल्यावर टीना भावाच्या लग्नासाठी रजेवर गेली. बदली तास लावणं बाईंचंच काम. चैतराम सर मोकळे होते, तरी बाईंनी स्वतःचं नाव लिहिलं. वर्गात जाऊन भिंगाचा धडा काढला, तर रिंकू म्हणाली, "मॅडम, हे तं टीना मॅडमनं शिकवलं. बढिया समजलं." आणि फळ्याशी येऊन तिनं आकृती अचूक काढली.

बाईंना आनंद झाला, आणि आत कुठंतरी दुखलंही.

"मंग मी काय शिकवू?"

"डोळा राहिला हाय, मॅडम," मोनू म्हणाला.

बाईंनी पदर खोचला आणि शिकवायला सुरुवात केली. घंटा झाली तेव्हा शिपाई दारात उभा होता. "सरांनी बोलावलं."

"येते म्हणा," बाई म्हणाल्या, आणि बुबुळाची रेघ पुरी करू लागल्या.